आर्वीहून प्रयागराज: एका यात्रा कंपनीची कुंभ सहल आणि आमची विदेशी पाहुणी

गेल्या काही दिवसांत आमच्या भागातील तीन-चार कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाला जायचे झाल्यास, तुम्ही प्रयागला ज्या यात्रा कंपनीबरोबर गेला होतात तिच्याकडेच नाव नोंदवावे काय? फोनवर उत्तर देता देता ते दर वेळी अर्धा तास लांबते, म्हणून एकदाचे लिहून ठेवते. कंपनीचे नाव येथे देत नाही. तालुक्यातील माणसाला ते विचारावे लागणार नाही आणि बाहेरच्या वाचकाला नावापेक्षा व्यवहार कळणे अधिक उपयोगाचे आहे.

ही सहल फेब्रुवारी २०२५ मधील आहे. तूर निघून विकली गेली होती, कापसाची शेवटची वेचणी उरकत आली होती आणि हरभरा घाट्यावर होता. आमच्याकडे घर सोडून आठ दिवस बाहेर पडता येते ते याच सुमारास. बसमध्ये आम्ही त्रेचाळीस प्रवासी होतो, त्यांतील बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, आणि आमच्यात एक डॅनिश बाई होत्या. त्या हातमागावर विणकाम करतात. खादी आणि नैसर्गिक रंग समजून घेण्यासाठी त्या वर्धा-सेवाग्राम परिसरात आल्या होत्या आणि दोन-अडीच महिने आमच्या घरी राहत होत्या. कार्तिकात त्यांना कौंडण्यपूरची यात्रा दाखवली होती. वर्धा नदीच्या घाटावर रुक्मिणीच्या माहेरी स्नानाला उतरलेल्या बायका पाहून त्यांनी विचारले की, याहून मोठे काही असते काय? कुंभमेळ्याचा समावेश २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला, हे त्यांना आधीच ठाऊक होते. प्रयागला दर बारा वर्षांनी कुंभ भरतो आणि या आधीचा २०१३ मध्ये भरला होता, हे मी सांगितले. बारा वर्षे थांबण्याची त्यांची तयारी नव्हती.

आम्हा गावकऱ्यांकडून कंपनीने माणशी ७,५०० रुपये घेतले, पाहुणीकडून ११,०००. वरच्या ३,५०० रुपयांचा हिशेब मी कार्यालयात बसून विचारला, तेव्हा तीन गोष्टी सांगण्यात आल्या: स्वतंत्र तंबू, इंग्रजी जाणणारा मार्गदर्शक आणि विदेशी नागरिकाच्या कागदपत्रांची पूर्तता. माझी या परीक्षणातील मोजपट्टी हीच आहे. संगमावरचे स्नान कोणीही विकत नाही, घाट सर्वांना मोकळा आहे. यात्रा कंपनी विकते ती वाट, जेवण, झोपण्याची जागा आणि खरी माहिती. या चारांपैकी कशाचे पैसे वसूल झाले, एवढेच मला सांगायचे आहे.

माहितीपासूनच सुरुवात करते, कारण गडबड तेथूनच सुरू झाली. छापील पत्रकात १२ फेब्रुवारीच्या माघी पौर्णिमेला ‘अमृतस्नान’ म्हटले होते आणि शेजारी जटाधारी नागा साधूंच्या मिरवणुकीचे रंगीत छायाचित्र होते. वस्तुतः या कुंभात आखाड्यांची, म्हणजे साधूंच्या संघांची, मिरवणुकीने होणारी अमृतस्नाने तीनच होती: १४ जानेवारीची मकरसंक्रांत, २९ जानेवारीची मौनी अमावस्या आणि ३ फेब्रुवारीची वसंतपंचमी. वसंतपंचमीनंतर आखाडे आपले डेरे हलवू लागतात आणि नागा साधूंचे जथे काशीकडे निघतात. माघी पौर्णिमेचे पर्व मुख्यतः कल्पवासींचे असते. पौष पौर्णिमेपासून महिनाभर वाळूवर राहून, एकदा जेवून, व्रत पाळणारी ही साधी प्रपंची माणसे त्या दिवशी शेवटचे स्नान करून घराकडे निघतात. हे पर्व कमी महत्त्वाचे आहे असे मुळीच नाही, आणि ते पाहायला मिळाले याचे आम्हाला समाधानच आहे. परंतु पत्रकातील छायाचित्राच्या भरवशावर कॅमेरा घेऊन आलेल्या परदेशी माणसाला वाटेत कळावे की मिरवणूक त्या पौर्णिमेच्या नऊ दिवस आधीच होऊन गेली, ही गोष्ट चुकीने झाली असे म्हणायला माझे मन तयार होत नाही. मौनी अमावस्येच्या पहाटे झालेल्या चेंगराचेंगरीत, त्या वेळच्या सरकारी आकड्यानुसार, तीस भाविकांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर आमच्यापैकी अनेकांच्या घरून जाऊ नका म्हणून आग्रह झाला. कंपनीने मात्र गर्दीविषयी, चालण्याविषयी किंवा चुकामूक झाल्यास काय करावे याविषयी एक ओळही कळवली नाही.

शनिवारी, ८ फेब्रुवारीला संध्याकाळी बस निघाली. बस चांगली होती, आसने मागे होणारी होती आणि काचा बंद होत होत्या. याहून अधिक तिच्याविषयी लिहिण्यासारखे नाही. तळेगाव, कोंढाळी, नागपूर, सिवनी, लखनादौन, जबलपूर असा तो सरळ रस्ता आहे. रविवारी दुपारी जबलपूर ओलांडून कटनीच्या अलीकडे स्लीमनाबादजवळ पोहोचलो आणि तेथे पोलिसांनी वाहने थांबवली. रीवामार्गे प्रयागला जाणाऱ्या रस्त्यावरची त्या दोन दिवसांतील कोंडी पुढे देशभर बातमीचा विषय झाली. आम्ही त्या बातमीच्या आत बसलेलो होतो. सव्वीस तास बस पुढे सरकली नाही.

या सव्वीस तासांसाठी मी कंपनीला दोष देत नाही. उलट, या सहलीतील पूर्ण गुण द्यावेत असे दोघे जण येथेच दिसले. चालकभाऊंनी रांगेत अडकून न राहता मागे सरकत सरकत बस एका ढाब्याच्या बाजूला घेतली, कारण त्यांना तेथे बोअरचा हातपंप दिसला होता. आचारी महाराजांनी गॅसची टाकी वाचवायची म्हणून विटांची चूल मांडली. गावाहून निघताना त्यांनी बसच्या टपावर तुराट्यांचा एक मोठा भारा टाकला होता आणि त्यावरून सर्वांनी त्यांची भरपूर थट्टा केली होती. आता त्याच तुराट्यांवर त्रेचाळीस माणसांचे वरण, वांग्याची भाजी आणि रोडगे झाले. निखाऱ्यातून काढलेला रोडगा फडक्यावर आपटून राख झाडायची, मुठीने फोडायचा आणि आत तूप सोडायचे, हे पाहुणीने एकदा पाहिले आणि दुसऱ्या वेळी स्वतः केले. तिच्या उजव्या तळव्यावर त्याचा फोड पुढचे चार दिवस होता. मागे अडकलेल्या छत्तीसगडच्या एका गाडीतील मुलांनाही महाराजांनी जेवू घातले. एवढ्या दिवसांत जेवण एकदाही उशिरा आले नाही, एकदाही बेचव नव्हते. जवसाची चटणी आणि तिखट पुऱ्या शेवटच्या दिवसापर्यंत पुरल्या. जेवणाचे पैसे वसूल झाले, हे येथेच नोंदवून मोकळी होते.

शौचालयाचा प्रश्न मात्र कठीण होता. ढाब्यावर एकच संडास आणि त्यापुढे शंभर माणसे. पहाटे आमच्यातील एका आजींनी पाहुणीच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाल्या, “चाल व माय, उजाडाच्या आधी जाऊन येऊ.” भाषा कळण्याची गरज पडली नाही. याविषयी तिने पुढे एकदाही तक्रार केली नाही. परंतु कंपनी स्वतःला विदेशी पाहुण्यांची सोय करणारी म्हणवते आणि त्याचे वेगळे पैसे घेते, तेव्हा निदान घडी करता येणारा एक आडोसा बसमध्ये ठेवणे तिला अवघड नव्हते.

सोमवारी दुपारी रस्ता मोकळा झाला आणि मंगळवारी, ११ तारखेला, सकाळी उशिरा आम्ही नैनीच्या अलीकडे पोहोचलो. माघी पौर्णिमेसाठी मेळा क्षेत्र त्या दिवशी पहाटेपासून वाहनांना बंद होते आणि संध्याकाळपासून सगळे शहरच बंद होणार होते. बस दूरच्या वाहनतळावर उभी राहिली. तेथून निवासापर्यंत ‘दहा मिनिटांचे अंतर’ असे कार्यालयात सांगितले होते. आम्ही सामान घेऊन तीन तास चाललो. एका तरुण प्रवाशाच्या मोबाइलने ते अंतर नऊ किलोमीटर दाखवले. ज्यांचे गुडघे दुखत होते त्यांनी गाठोडी सोडून चादरी तेवढ्या काढल्या आणि बाकीचे सामान चालकभाऊंच्या हवाली केले. कार्यालयातच नऊ किलोमीटर सांगितले असते तर कोणी दोन-दोन पिशव्या आणल्या नसत्या आणि निदान चार जण तरी आलेच नसते. माझ्या मते हेच कारण आहे की ते सांगितले गेले नाही.

इंग्रजी जाणणारा मार्गदर्शक येथे आम्हाला भेटला. तो विशीतला मुलगा होता, स्वभावाने चांगला होता आणि त्याला नदीची नावे व नावेचे दर एवढेच इंग्रजीत सांगता येत होते. नावेसाठी आमच्याकडे माणशी ५०० आणि पाहुणीकडे २,००० रुपये मागितल्यावर मीच त्याला मराठीत, आणि मग हिंदीत, नाही म्हटले. तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवले ते येथे कामी आले आणि उरलेल्या सहलीत मार्गदर्शकाचे काम माझ्याकडेच राहिले. त्या कामाचे ३,५०० पैकी काही मला मिळायला हवे होते असे पाहुणी अजूनही म्हणते. त्या मुलाच्या हातातील कंपनीचा भगवा झेंडा गर्दीतल्या शेकडो भगव्या झेंड्यांमध्ये पहिल्या दहा मिनिटांत दिसेनासा झाला. तेव्हा महाराजांनी उरलेल्या तुराट्यांपैकी सर्वांत लांब काडी काढून तिला आपला लाल दुपट्टा बांधला आणि त्या तुराटीमागे आम्ही सगळे प्रयागभर फिरलो.

निवासाची जागा अरैलला होती. कंपनीच्या बाजूने एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे: रीवामार्गे येणाऱ्यांसाठी यमुनेच्या दक्षिणेकडील अरैलचा काठ हीच शहाणपणाची निवड आहे. किल्ल्याकडच्या बाजूला जायचे तर नैनीचा पूल ओलांडावा लागतो, आणि गर्दीच्या दिवशी ते पायी करणे म्हणजे आणखी अर्धा दिवस. अरैलच्या काठावरून संगम समोर दिसतो आणि स्नानही तेथेच करता येते. ज्याने ही जागा धरली त्याला मेळा कळत होता. मात्र त्याने पत्रकातील ‘स्विस कॉटेज’ (म्हणजे सर्व सोयींचा तंबू) हा शब्द खोडला असता तर बरे झाले असते. ते पत्र्याचे लांब दालन होते, खाली पातळ गाद्या, चाळीस माणसांमागे चार शौचालये आणि त्यांतील दोनांना कडी नाही. मेळा प्रशासनाने रस्त्याच्या कडेला उभारलेली शौचालये याहून स्वच्छ होती, म्हणून आम्ही तीच वापरली. पाहुणीचा स्वतंत्र तंबू म्हणजे त्याच दालनाचा पडद्याने तोडलेला कोपरा.

कागदपत्रांची गोष्ट अधिक गंभीर आहे आणि ज्यांच्याकडे परदेशी पाहुणे येतात त्यांनी ती नीट वाचावी. विदेशी नागरिकाला जो कोणी मुक्कामाला ठेवतो, मग ते हॉटेल असो, आश्रम असो किंवा आपल्यासारखे घर असो, त्याने चोवीस तासांच्या आत त्याची नोंद विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे करायची असते; त्या वेळी ती ‘सी फॉर्म’ भरून होत असे. आमच्या घरी पाहुणी आली तेव्हा मी तो फॉर्म ऑनलाइन भरला होता, त्यामुळे मला माहीत होते. अरैलच्या निवासातील व्यवस्थापकाने हा शब्दही ऐकलेला नव्हता. त्याने पासपोर्ट स्वतःकडे ‘जमा’ करून घेण्याचा प्रयत्न केला. मी छायाप्रत देते, मूळ पासपोर्ट देणार नाही, असे सांगून तो परत घेतला. आर्वीच्या कार्यालयाला फोन लावला तर तो बंद. पाहुणीच्या गळ्यात अडकवलेल्या ओळखपत्रावर आपत्कालीन म्हणून हाच क्रमांक छापलेला होता. शेवटी जवळच्या एका मोठ्या शिबिरात बरेच परदेशी लोक उतरले होते, तेथील लेखनिकाने समजावून सांगितल्यावर आमच्या व्यवस्थापकाने रात्री नोंद केली. तीन वचनांपैकी तिसरे अशा रीतीने पुरे झाले, तेही दुसऱ्याच्या लेखनिकाकडून.

बुधवारी पहाटे साडेतीनला आम्ही निघालो. वाळूवर अंथरलेल्या लोखंडी पत्र्यांवरून हजारो पावले चालत असतात त्याचा एक सलग घणघणाट ऐकू येतो, तो छायाचित्रांत कधीच येत नाही. धुके होते, दिव्यांचे मनोरे धुक्यात पिवळे दिसत होते. काठावर पोहोचल्यावर पाहुणी थांबली आणि तिने मला विचारले, मी उतरले तर कोणाला वावगे वाटेल काय? माझ्या उत्तराआधीच मागच्या एका बाईंनी तिला विचारले, “कौन से अखाड़े की हो, बहन?” परदेशी स्त्री म्हणजे कोणत्या तरी महाराजांची शिष्या असणार, हे त्यांनी गृहीतच धरले होते. मी म्हटले, “वर्धा ज़िले की है।” त्यांना ते उत्तर पूर्ण वाटले आणि त्यांनी तिला पुढे जायला जागा करून दिली.

आजींनी तिचे मनगट धरले होते. “माहा हात सोडू नको, बाई,” असे त्या पाण्यात शिरेपर्यंत म्हणत होत्या, आणि थंड पाणी कमरेला लागल्याबरोबर त्यांनीच तो सोडून दोन्ही हात जोडले. गंगा येथे उथळ आणि ओढीची आहे, यमुना खोल आणि संथ; उजेड आल्यावर पांढुरके आणि हिरवट अशा दोन रंगांच्या पाण्याची रेघ स्पष्ट दिसू लागली. पाहुणीने तीन बुड्या मारल्या, तोंड घट्ट मिटून. पाण्याविषयी तिने आधीच ठरवले होते आणि तिचे बरोबर होते: पुढे आठवडाभरातच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल राष्ट्रीय हरित लवादापुढे आला, त्यात अनेक ठिकाणचे पाणी विष्ठाजन्य जिवाणूंच्या बाबतीत स्नानाच्या मर्यादेत बसत नसल्याचे म्हटले होते. ही मर्यादा १०० मिलिलिटरमागे २,५०० इतकी आहे. उत्तर प्रदेश सरकारने पाणी स्नानास योग्य असल्याचे सांगितले. आमच्यापैकी कोणी आजारी पडले नाही, पण कोणी ते पाणी प्यालेही नाही. बाटल्या भरून मात्र सर्वांनी आणल्या.

कपडे बदलण्याच्या खोल्यांपुढे रांगा होत्या. आमच्या चौघीजणींनी एक नऊवारी उलगडून चार टोके धरली आणि त्या आडोशात एकेकीने लुगडे बदलले. पाहुणीची पाळी आली तेव्हा ती सर्वांत उंच असल्यामुळे लुगडे डोक्यावर धरावे लागले, आणि एका बाईंचे हात पुरेनात म्हणून त्या सामानाच्या पिशवीवर चढून उभ्या राहिल्या. नंतर त्या नऊवारीचा किनारकाठ तिने बोटांनी उलटसुलट करून पाहिला, कुठे विणला आहे ते विचारले आणि तिची सहल तेथे खरी सुरू झाली असे मला वाटते.

परतताना आमच्यातील एक आबाजी चुकले. भुल्याभटक्यांसाठी प्रयागच्या मेळ्यात १९४६ पासून शिबिर चालते आणि या वेळी संगणकीकृत खोया-पाया केंद्रेही होती. कंपनीने ही केंद्रे कोठे आहेत हे सांगितलेले नव्हते, ते एका महिला पोलिसाने सांगितले. ध्वनिक्षेपकावर ‘वर्धा’चे ‘वार्ता’ झाले, गावाचे नाव तर ओळखूही येईना. दोन तासांनी आबाजी स्वतःच आले, कारण त्यांना दुरून तुराटीवरचा लाल दुपट्टा दिसला होता.

कार्यक्रमात काशी आणि चित्रकूट होते. वाटेतील विलंबामुळे दोन्ही रद्द झाले आणि आम्ही १५ तारखेला घरी पोहोचलो. रस्ता कोणाच्या हातात नव्हता हे मान्य. परंतु न गेलेल्या दोन ठिकाणांचे निवास, न जळलेले डिझेल आणि न भरलेले टोल हे पैसे कंपनीकडे उरले आहेत. मी तीन वेळा लेखी मागणी केली. माणशी ६०० रुपये परत देण्याचे तोंडी मान्य झाले, अद्याप मिळालेले नाहीत. पाहुणीच्या ३,५०० रुपयांविषयी ‘त्या तर गेल्या ना परत’ असे उत्तर आले.

तेव्हा, विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे. हेच आचारी महाराज आणि हेच चालकभाऊ असतील तर जरूर जावे, आणि ते असतील की नाही हे पैसे भरण्याआधी त्या दोघांनाच विचारावे. एका पिशवीपेक्षा अधिक सामान नेऊ नये, अंतर विचारून ते लिहून घ्यावे, पर्वाची तारीख पंचांगात स्वतः पाहावी. बरोबर परदेशी पाहुणा असल्यास मुक्कामाच्या नोंदीची व्यवस्था आपणच निवासस्थानाशी बोलून करावी आणि ‘विशेष सोयी’चे पैसे देऊ नयेत.

नाशिक सहलीचा फलक आता आर्वीच्या बसस्थानकासमोर लागला आहे. ‘विदेशी पाहुण्यांचीही पसंती’ असे त्यावर मोठ्या अक्षरांत आहे आणि त्याखाली आमच्या पाहुणीचे हात जोडलेले छायाचित्र आहे, तिला न विचारता छापलेले. मी ते तिला पाठवले. तिने लगेच ओळखले: मागे संगमाचे पाणी चिकटवले आहे, पण उजव्या तळव्यावर रोडग्याचा ताजा फोड आहे आणि पायाशी स्लीमनाबादच्या ढाब्यामागचा हरभरा दिसतो.